धुळ्याच्या साहेबांशी ओळख

१ फेब्रुवारी १९५४, जळगाव
रेशनिंग उठणार, म्हणजे आमचं ऑफिसही उठणार. निम्मे कारकून दुसऱ्या खात्यांत घेणार, बाकीचे घरी. लिस्ट धुळ्याचे साहेब करताहेत. छातीत धडधड. कालच्या मिरचीच्या भाजीमुळे असावी.

२ फेब्रुवारी
निश्चय. ओळखी वाढवायच्या! आठ वर्षं मान खाली घालून काम केलं, तीच चूक. आजपासून रोज एक नवा माणूस. शेजारच्या टेबलावरचा झुलाल म्हणाला, "पितांबरभाऊ, लिस्ट नोकरीना तारीखवर शे. तुमना नंबर वर शे. गप बसा." आधी लागला तो वर, म्हणे! झुलालला जगाचा अनुभव नाही. म्हणून अजून कारकून आहे. (मीही आहे. पण ते वेगळं.)

६ फेब्रुवारी
नव्या ओळखी चार. पैकी एकजण आज मला पाहून गल्लीत वळला. घाईत असेल.
कापडवाले फुलचंदशेठ म्हणाले, साहेब माझ्या घरचेच, पुढच्या रविवारी फैजपूरच्या लग्नाला येणार, तुम्हीही या. देव भेटला.

१४ फेब्रुवारी, फैजपूर
मुलीकडच्यांनी मला मुलाकडचा समजलं, मुलाकडच्यांनी मुलीकडचा. शेवटी दोघांनी मिळून वाढायला लावलं. चार पंगती. साहेब आले नाहीत. फुलचंदशेठही आले नाहीत.

१९ फेब्रुवारी
जेवण जात नाही. शिपायाने नुसती हाक मारली तरी उठून उभा राहतो. मंदा म्हणाली, "अहो, डॉक्टरकडे जा." मी म्हणालो, धुळ्याला जातो.

२२ फेब्रुवारी, धुळे
पहिल्या एस.टी.ने. खांद्यावर केळीचा घड. बंगल्याच्या फाटकावर भिकन नावाचा शिपाई. साहेब पडवीत दाढी करत होते. फुलचंदशेठचं नाव सांगितलं. "कोण फुलचंद?" म्हणाले. एस.टी.त पाठ केलेलं भाषण सगळं विसरलो. काम काय, असं विचारलं तर तोंडातून निघालं, "काही नाही साहेब. मला कुठलंही काम चालतं. कुठेही."
साहेबांचा वस्तरा थांबला. "कुठेही?"
"जिथे कोणी जात नाही तिथेसुद्धा, साहेब."
त्यांनी साबणाच्या हाताने माझं नाव लिहून घेतलं. स्वतः!

२३ फेब्रुवारी
झुलालची कीव येते. त्याचं नाव साहेबांना माहीतसुद्धा नाही.

१ मार्च
आज टपाल आलं नाही. तीन वेळा पाहून आलो. काळजी कसली? सहज.

९ मार्च, दुपारी २
लिस्ट आली. तारखेप्रमाणेच. माझा नंबर तिसरा. जळगावातच, ट्रेझरीत. डोळ्यांत पाणी आलं.

दुपारी ३॥
खाली पेन्सिलने शेरा होता, तो हेडक्लार्कनी वाचून दाखवला. सातपुड्यातल्या अक्राणीत धडगावला कारकून हवा. दोन वर्षं कोणी जायला तयार नाही. "श्री. पितांबर यांनी स्वतः येऊन इच्छा व्यक्त केली आहे. सबब त्यांना पाठवावे." ट्रेझरीची जागा झुलालला.
झुलालने पाण्याचा तांब्या आणून ठेवला.

११ मार्च
चौकशी केली. तळोद्यापासून पुढे रस्ता नाही, घाट चढून जायचं. हिवताप. वाघही आहेत म्हणतात. मंदाला माहेरी पाचोऱ्याला ठेवायचं ठरलं. ती म्हणाली, "साहेबांना भेटून सांगा ना, चुकून बोललो म्हणून. तुमच्या ओळखीचे आहेत." मी म्हणालो, ओळख अशी लगेच वापरायची नसते.


१५ मार्च, धुळे स्टँड
गाडी बदलायची. दोन तास मोकळे होते. ट्रंक एका म्हाताऱ्याला सांभाळायला देऊन बंगल्यापर्यंत गेलो. साहेब पडवीतच होते. फाटकाशी भिकन होता.
"कोण पाहिजे?" म्हणाला.
"घर चुकलं," म्हणालो आणि स्टँडवर परत आलो.