टेकडीवरची हाक

४ ऑक्टोबर
आले एकदाची! दवाखान्याच्या मागची खोली मिळाली. लहानशी आहे, पण खिडकीतून अख्खी टेकडी दिसते. निम्मा दिवस औषधांचं कपाट आवरण्यात गेला. आधीच्या कंपाउंडरने खोकल्याच्या बाटल्यांमागे मलमं कोंबली होती. डॉक्टरीणबाई मोजकंच बोलतात आणि झाडलोट करणाऱ्या मावशी तर मुक्या. माझं कसं व्हायचं? ताई मला उगाच ‘रेडिओ’ म्हणत नाही.

५ ऑक्टोबर, रविवार
टेकडी चढले. वर झाडाचं नाव नाही, नुसता गुडघाभर गवताचा माळ आणि एक पायवाट. निम्म्यावरच धाप लागली. माथ्यावर इतकं शांत, की वारा अंगाला लागत होता पण ऐकू येत नव्हता. आसपास कुणी नाही म्हटल्यावर मी गळा मोकळा करून गायले. ताईला हाकाही मारल्या. उतरल्यावर कडकडून भूक लागली.

७ ऑक्टोबर
कुकर जळाला. शिट्टी ऐकूच आली नाही. घड्याळाची टिकटिकही नाही, काटे मात्र फिरताहेत. डॉक्टरीणबाईंनी कान तपासले. म्हणाल्या, कान ठणठणीत आहेत, मोकळ्या हवेत फिरून या.

८ ऑक्टोबर
गेले. निम्म्या चढावर कुकरची शिट्टी ऐकली. माझ्याच कुकरची, शेवटी खाकरणारी. त्याच्या वर, गवतातून टिकटिक. पळत सुटले. उतारावर पाय मुरगळला. घोट्याला बँडेज आहे, पाय टेकवत नाही.

१० ऑक्टोबर
पेशंटचे नुसते ओठ हलतात. सगळं लिहून घेते.
दुपारी ताईचा फोन. तिचं काही ऐकू आलं नाही, तरी मीच बोलत राहिले. मग तिचा मेसेज आला: अगं, बोल ना. नुसता वारा ऐकू येतोय. रविवारी येतेच मी.
मावशींना खुणेने सांगितलं. त्या पायाशी बसल्या. मग माझी पेन्सिल घेऊन त्यांनी लिहिलं: “मी पण बोलायचे. माझा आवाज वरच राहिला. त्याने ह्यांना हाक मारली. हे गेले ते गेलेच.”

११ ऑक्टोबर
ताईला कळवलं, येऊ नकोस. उत्तर आलं: वेड्यासारखं करू नकोस, निघालेय.
ओरडून पाहिलं. घसा सोलला. मावशींनी मान हलवली. काही नाही.

१२ ऑक्टोबर
रविवार. दवाखाना बंद, डॉक्टरीणबाई बाहेरगावी. मावशींना बसथांब्यावर पाठवलंय—

बस आली. खिडकीतून दिसतेय ताई. निळी पिशवी.
मावशी हात पसरून उभ्या. ताई हसली, बाजूने निघाली.

थांबली. टेकडीकडे बघतेय. हात हलवतेय— कुणाला—

पायवाटेला लागली. मेसेज केला. बघत नाही. काच बडवतेय. दारापर्यंत सरपटत गेले, पुढे पाय—

मोठ्या अक्षरांत लिहून पान काचेला लावते.

ताई ती मी नाही
मी इथे खिडकीत
ताई एकदा मागे ब—