औषध निधी आणि तात्यांचं दूध

१२ जाने. ९६
दूध संस्थेच्या औषध निधीचा हिशेब पुन्हा मांडला. लिटरमागे पाच पैसे कपात, त्यातून साठीपुढच्या सभासदांचा दवाखाना. असाच खर्च राहिला तर तीन वर्षांत खडखडाट. कुठंतरी चूक सापडावी असं वाटत होतं.

खर्च वाढण्याचं कारण सगळ्यांना माहीत. म्हातारं आजारी पडलं की घरातलं दुधाचं खातं त्याच्या नावावर येतं. ऑपरेशन झालं की परत पोराच्या नावावर. अध्यक्ष बापूरावांच्या आईचा मोतीबिंदू असाच निघाला. खातेबदलावर सही सचिवाची. म्हणजे माझीच.

२० जाने.
संस्थेचे जुने सभासद तात्या डेअरीत आले. निधी सुरू करायची कल्पना त्यांचीच. स्वतः त्यातून कधी काही घेतलं नाही. आता लघवी अडते, बारामतीच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलंय.
"उनाळ्याच्या आत करा म्हन्त्यात. निधीत बसंल न्हवं?"
बसेल म्हणालो.

४ फेब्रु.
सभा. मी मांडलं: कपात दहा पैसे करा, आणि खातं वर्षभर नावावर असल्याशिवाय खर्च देऊ नका. मग मागून एकजण, "माझा बाप कवाच गेलाय. मी कशापायी भरू?" हशा.
बापूराव उठले. "सचिवांचाच हिशेब हाय. निधी टिकला पायजे. पासष्टच्या म्होरच्यांचा खर्च बंद करू." भराभर हात वर.
तात्या भिंतीला टेकून बसलेले. सत्तरी ओलांडलेले.
किळस आली. बापूरावांची, त्या हातांची, आणि...

५ फेब्रु.
बापूरावांना विचारलं, पासष्टपुढच्यांची कपात तरी थांबवायची ना?
"म्हशीचं वय कुठं इचारतो आपण? दूध आलं की कपात."
निधी बुडाला असता तर सगळ्यांचाच बुडाला असता, हे खरं. माझा हिशेब बरोबर होता. त्यानेच जास्त घाण वाटते.

११ फेब्रु.
सकाळी तात्या किटली घेऊन रांगेत. हळूच म्हणालो, "तात्या, तुमचं कापत नाही. बापूरावांना मी बघतो."
"तुमचं वय काय, भाऊ?"
"सेहेचाळीस."
"मंग कापा की. तुमाला लागंल."
मागचे हसले. तात्या हसले नाहीत. किटली विसळली, गेले.
त्यांच्या नावापुढं कपातीचा रकाना अजून कोरा आहे. संध्याकाळचं दूध यायची वेळ झाली.