मोजणीत न आलेला मुलगा

माय, परवा अकोल्याच्या भाजीबाजारात आपल्या शेजारच्या माळणीची थोरली लेक भेटली. तीही आता म्हातारी झाली आहे, पुढचे दात गेलेत, पण वांगी निवडून देताना हात अगदी तिच्या आईसारखा चालतो. तिनं मला जे सांगितलं त्यासाठी हे लिहायला बसलोय. गेली चाळीस वर्षं मी तुझ्यावर रागावून होतो. पार आत, कुणाला दिसणार नाही असा तो राग होता, आणि तिनं तो वांगी तोलता तोलता उतरवला.

तुला हे सगळं ठाऊक आहे, तरी मला ओळीनं मांडू दे. माझ्याआधी तुला चार मुलं झाली आणि चारही गेली. दोघं देवीनं, एक पटकीनं, एक नुसतंच तापानं. आपल्या बाळापूरच्या बाजूला तेव्हा हे काही जगावेगळं नव्हतं. पाळण्यातलं मूल जगेल असं कुणी धरून चालत नसे, आणि पन्नाशीचा माणूस दिसला की त्याला बुढा म्हणत. मी झालो तेव्हा तू मला सूपभर कोंड्याला माळणीला विकून टाकलंस. तिची सगळी लेकरं जगलेली, म्हणून तीच. मरण आपल्या दारात आलं तर त्याला नेण्याजोगं काही सापडू नये, एवढाच त्यातला डाव. राहायचो मी तुझ्याच घरात, पण सकाळचा पहिला घास माळणीकडचा आणि अंगावरचा कपडा तिच्या घरचा जुना. तिला मी माय म्हणायचो आणि तुला मामी. चुकून तुला माय म्हटलं तर तुझंच काही तरी बिघडेल, असं मी तेव्हा समजून होतो. माझं लग्न ठरेल तेव्हा माळणीला लुगडं-नारळ देऊन तू मला परत घ्यायचंस, असं तुम्हा दोघींमध्ये ठरलं होतं.

आणि नेमका तो काळ कापसाचा. कुठं तरी सातासमुद्रापलीकडे लढाई जुंपली आणि आपल्या काळ्या मातीतल्या बोंडांना सोन्याचा भाव आला, असं बाबा सांगायचे. अमरावतीला गाड्या भरून न्यायचे आणि येताना बैलांच्या शिंगांना पितळेच्या शेंब्या घेऊन यायचे. गल्लीतल्या प्रत्येक पोराच्या कमरेला चांदीचा करदोडा आला. मी मात्र माळणीच्या पोराची विटलेली अंगी घालून हिंडायचो. एकदा शेजारच्या पोराचं चांदीचं कडं हातात घालून मी तुझ्या चुलीपुढे आलो, मोठ्या ऐटीत. तू ते ओरबाडून काढलंस, एक थोबाडीत दिलीस आणि तव्याची काजळी माझ्या गालाला फासलीस. मग ताटात करपलेली भाकर टाकलीस. भाकरीच्या खाली, दिसणार नाही असा, लोण्याचा हा एवढा गोळा होता. तेव्हा मला थोबाडीत तेवढी लक्षात राहिली, लोणी नाही.

पैसा आला खरा, पण त्यानं कुणाचं आयुष्य वाढलं नाही. उलट गाड्यांच्या वर्दळीबरोबर पटकी गावोगाव फिरायला लागली, आणि जिकडे तिकडे कापूस पेरल्यामुळे ज्वारी महागली. करदोडे घातलेली किती तरी पोरं गेली. करदोडे तेवढे मागं राहिले.

मग भाव उतरायला लागला त्या सुमारास माणसं मोजायला कारकून आला. मी दारातच उभा होतो. त्यानं तुला विचारलं, मुलं किती?

तू म्हणालीस, "नाही."

"मग हा कोण?"

"माळणीचा हाय. खेळाले येते इथं."

कारकून शेजारी गेला, मीही त्याच्या मागोमाग गेलो. माळण खरं बोलणारी बाई. ती म्हणाली, "तो त्या घरचा हाय साहेब, मी काहून लिवू माया घरात?" कारकून दोन्ही दारांकडे पाहत राहिला, मग कंटाळून पुढच्या घरी गेला. सरकारच्या लेखी मी जन्मलोच नाही. आज हे मी हसत हसत सांगतो, पोरंही हसतात. त्या दिवशी मात्र मळ्यातल्या मोटेवर बसून मी खूप रडलो होतो. तू "नाही" म्हणालीस ते इतकं सहज, इतकं सपाट.

आणि नंतरच्याच उन्हाळ्यात तुला पटकी झाली. सकाळी सुरू झालं आणि दुपारी तुझा आवाज बसला, डोळे खोल गेले. मी दारातून पाहतोय. माळण तुझ्या उशाशी, तिची थोरली लेक पाण्याचा तांब्या धरून उभी. मला राहवलं नाही आणि मी हाक मारली, "माय." तू माझ्याकडे पाहिलंस आणि तोंड भिंतीकडे फिरवलंस. माळणीनं मला बाहेर काढलं. दिवस मावळायच्या आत तू गेलीस. तुझं ते फिरवलेलं तोंड मी चाळीस वर्षं पाहत आलो. कधी वाटायचं, मी तुला नकोच होतो. कधी वाटायचं, मी नेम मोडला म्हणून तू गेलीस.

मला बाहेर काढल्यावर आत काय झालं, ते परवा कळलं. माळण तुला म्हणाली होती, "आता तरी पोराले परत घे वं. लुगडं नोको मले, काहीच नोको. एकदा माया पोरगा म्हण त्याले." आणि तू, आवाज फुटत नसताना, म्हणालीस, "हळू बोल. मरण इथंच हाय, आयकून राहिलं. पोरगं तुयंच हाय."

वांग्यांची टोपली पुढ्यात ठेवून ती म्हातारी सांगत होती आणि मी भर बाजारात उपरण्यानं तोंड पुसत होतो. ती म्हणाली, "काहून रडतं रे, एवढा मास्तर झाला तू." मला रडू आलं होतं ते सुटल्यासारखं वाटलं म्हणून. हायसं वाटलं, माय. इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

मी आता पन्नाशीच्या उंबरठ्यावर आहे आणि मला कुणी बुढा म्हणत नाही. माणसाचं आयुष्य वाढलं, असं कचेरीतले लोक म्हणतात. मला नक्की सांगता येणार नाही, मधल्या दुष्काळानं आपल्या मुलखातलं फार नेलं. पण माझी पाच मुलं झाली आणि पाचही आहेत. सगळ्यांना देवी टोचून घेतल्या, सगळ्यांना नवे कपडे शिवले, आणि कुणालाही कुणाला विकलं नाही. मोजणीवाले येतात तेव्हा मी ओट्यावर उभं राहून सगळ्यांची नावं खणखणीत सांगतो.

हे पत्र कुठं धाडायचं नाही, म्हणून एक गोष्ट लिहितो, जी माझ्या बायकोलाही सांगितलेली नाही. तुला नेलं त्या दिवशी मी रडलो नाही. सगळे घाटावरून यायच्या आत मळ्यात पळालो आणि बांधावर उभा राहून तुला माय म्हणून हाका मारत सुटलो, घसा बसेपर्यंत. दुःखानं नाही. आता कितीही मोठ्यानं म्हटलं तरी तुझं काही बिघडणार नव्हतं, म्हणून मला आनंद झाला होता.