बांगड्याचे काटे

मालवण, १२ नोव्हेंबर २००४, संध्याकाळ

आज मासळीचा ट्रक निघू दिला नाही. हे गेल्यापासून ट्रक मीच बघते, ह्यांची रीतही पाळते: निघण्याआधी ड्रायव्हरला आपल्या घरी बांगडा वाढायचा. झोपेने पेंगणाऱ्याला काटे नीट काढता येत नाहीत. बाबलच्या घशात आज दोनदा काटा अडकला.

"चावी दी," मी म्हटलं.

"वयनी, कोल्हापूर आसा, अमेरिका नाय! मासो कुसतलो."

"कुसांदे. तुका काय झाला तर तुझ्या बायलेक काय सांगू?"

आता तो ओटीवर घोरतोय. काट्यांमुळेच थांबवलं ना मी त्याला? की घरात कुणाचा तरी श्वास हवा होता? अंधारून आलंय. ओटीवरचा दिवा लावलेला नाही. जागा झाला तर जाईल.