बूट लहान झाले तेव्हा

उस्ताद, मागच्या आठवड्यात चिखलीच्या डॉक्टरांनी मला विचारलं, रात्री झोपताना उशा किती लागतात? मी गेलो होतो दम लागतो म्हणून, आणि हा माणूस उशा मोजतोय. मला आधी हसूच आलं. मग सांगितलं, दोन लागतात, आडवं झालं की गुदमरल्यासारखं होतं. बायको सोबत होती, ती लगेच बोलली, "खोटं सांगून राह्यले हे. भिंतीले टेकून बसूनच झोपतात." ते ऐकलं मात्र, माझे डोळे भरून आले. डॉक्टरांना वाटलं मी आजाराला भ्यालो. मला तुम्ही दिसला होतात, शेवटच्या हंगामातले. बँडवाल्यांना गावोगावी शाळेच्या खोलीत उतरवायचे, आम्ही सगळे आडवे पडून घोरायचो, आणि तुम्ही मोठ्या ढोलाला पाठ लावून बसल्याबसल्या झोपायचात. ढोल चोरीला जाईल म्हणून उस्ताद राखण करतात, अशी आम्ही चेष्टा करायचो. तुम्हीही हसायचात. "हाव बे, तुमच्यावर काय भरोसा?"

दम ही तुमची दौलत होती. मी गाल फुगवून क्लॅरोनेट फुंकलं की भर वरातीत माझ्या गालावर टिचकी मारायचात. "फुगा फुगवून राह्यला का तू? पोटातून येऊ दे." आणि त्याच हंगामात तुम्ही मला तुमचे बूट दिलेत, गणवेशावरचे काळे, रोज पॉलिश केलेले. "घे, तुले राहू दे. मले लहान होऊन राह्यले. या उमरीत पाय वाढून राह्यले माहे, आता काय सांगू तुले!" सगळी बँडपार्टी खो खो हसली. तुम्ही लाल कोटाखाली चपला घालून वाजवायला लागलात आणि मी तुमचे बूट घालून शेजारी ऐटीत उभा राहू लागलो. वाटायचं, उस्तादांनी आपल्याला पोटचं मानलं. मानलं होतंच, त्यात शंका नाही. पण पाय त्या वयात वाढत नसतात उस्ताद, सुजतात. यंदा माझे सुजले, बोट दाबलं की खळगा पडू लागला, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला.

दुसरबीडचं ते लग्न विसरू म्हटलं तरी विसरत नाही. नवरदेव मारुतीच्या देवळातून निघालेला, वऱ्हाडी नाचतायत, आणि तुमचा वरचा सूर फाटतो. तुमचा सूर! मी वळून पाहतो तर ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून फस्सकन हवा जातेय. नवरदेवाचे दोस्त शिट्ट्या मारतात, "मास्तरनं आज जास्त घेतली वाटते!" चहापलीकडे कशाला न शिवणारा माणूस तुम्ही. रुमालाने तोंड पुसलंत, पुन्हा ओठात धरलंत, पुन्हा तेच. "हवा सुटून राह्यली बे," एवढं म्हणालात, तेही बोबडं, आणि क्लॅरोनेट हातातून निसटलं. कुणी म्हणालं ऊन लागलं, कुणी कांदा फोडून नाकाला लावला, एक म्हातारा म्हणाला, अंगावरून वारं गेलं. जीप मिळवून दवाखान्यात नेलं, पण तुम्ही पुन्हा न बोलताच गेलात. पुढे वर्षानुवर्षं आम्ही तेच सांगत आलो, वारं गेलं. फुंकणाऱ्याला वाऱ्यानेच न्यावं, असंही लोक म्हणायचे आणि आम्ही माना डोलवायचो. आता त्या बोलण्याचा मला राग येतो.

डॉक्टरांनी माझं रक्त तपासायला पाठवलं. साखरेसाठी नाही, हृदयासाठी. हृदयावर ताण पडला की ते रक्तात एक द्रव्य सोडतं म्हणे, आणि माझ्या रक्तात ते बरंच वाढलेलं निघालं. हृदयाचा आलेख काढला, त्या पट्टीवर ठोकेही बेताल. जन्मभर ताल सांभाळला आणि आतला गडी असा निघाला! डॉक्टर म्हणाले, लकव्यालाही जपायला हवं. मी विचारलं, "आजार हृदयाचा, मग लकव्याचं काऊन सांगता?" ते म्हणाले, "काका, थकलेल्या, बेताल हृदयात रक्त साचू शकतं. साचलं की गुठळी होते, ती मेंदूत गेली की लकवा. होईलच असं नाही. पण रक्तात हे वाढलेलं असलं की धोका जास्त धरायचा. आधी कळलं, हे चांगलं झालं." रक्त पातळ ठेवायची गोळी लिहून दिली. आधी कळलं, हे दोन शब्द मला घरापर्यंत पुरले. तुमचं हृदयही आधीच सांगत होतं की हो. ते ऐकणारी तपासणी तेव्हा आपल्याकडे नव्हती, आणि आम्ही तर फक्त तुमचा सूर ऐकत होतो. तुम्हाला एक गोळी मिळाली असती तर, हा विचार आला की जेवण गोड लागत नाही.

गोळीचं काही नाही, पण हृदय ताळ्यावर येईपर्यंत फुंकायचं नाही, हे त्यांचं वाक्य मला फार लागलं. उंद्रीच्या लग्नाची सुपारी घेतलेली, म्हणजे शब्द दिलेला. काल तिथे पार्टीतल्या दुसऱ्या क्लॅरोनेटवाल्याला पुढे केलं आणि मी खुळखुळा घेतला. उस्तादांचा चेला आणि हातात खुळखुळा! लोक चांगलेच नाचले. माझ्यावाचून अडलं नाही, याचं बरंही वाटलं आणि ते जिव्हारीही लागलं.

घरी सांगतो, गोळ्या चालू आहेत, काळजी नको. पण मी घाबरलोय, उस्ताद. ओठाचा कोपरा सैल तर पडला नाही ना, म्हणून चूळ भरतानाही आरशात बघतो. हे कुणालाच बोललो नाही, आणि खरं सांगायचं तर तुम्हालाही कळू नये असंच वाटतं. तुम्हाला वाचता यायचं ते फक्त उर्दू. मराठी चिठ्ठी आली की माझ्यापुढे टाकायचात, "वाच बे, काय लिहिलं?" म्हणून हे मराठीत लिहिलंय. विचारलंत तर सांगीन, काही नाही उस्ताद, एका लग्नाचं बोलावणं आहे.