भिंतींना मराठी येत नव्हती

डार्मश्टाट, ११ जून २०१८

गलिनाने वडिलांचा कोट श्पेर्म्युलमध्ये, म्हणजे पालिका उचलून नेते त्या मोठ्या कचऱ्यात टाकला, म्हणून लिहिते आहे. बोलायचे की गप्प बसायचे, ते कागदावरच ठरू दे.

सकाळी फुटपाथवर तिच्या जुन्या सामानाचा ढीग. खुर्च्या, दिवा, वर तो काळा कोट. लगेच ओळखला. मुंबईच्या सोव्हिएत वकिलातीत तिचे वडील अर्काडी पेत्रोविच समारंभाला तोच घालत — घामाघूम होऊन! मी तिथे दुभाषी होते. उचलून वर आणला. सूनबाई म्हणाली, "अहो आई, लोकांचा कचरा घरात?"

१२ जून

गलिना आमच्या खाली राहते. शनिवारी मुलाकडे हानोव्हरला चालली, कायमची. कोट परत द्यायला गेले, तर नको म्हणाली.

"बाबांना बढती हवी होती, मी नको होते. मला मॉस्कोच्या वसतिगृहात टाकलं. तिकडे मुंबईत त्यांचं काहीतरी बिनसलं, तेव्हा परत आले. माझ्यासाठी नाही."

रशियनमध्ये, अगदी शांतपणे. पन्नास वर्षे घोटलेले वाक्य. आणि खोटे!

१३ जून

अर्काडी पेत्रोविच कामगाराचा मुलगा. युद्धातून आले ते परराष्ट्र खात्यात. दिल्ली, मग मुंबई. पुढची पायरी राजदूत. मोठी मुले मायदेशी शिकायला ठेवायची, हा खात्याचा नियम; म्हणून गलिना मॉस्कोत. मी त्यांना भाषणापुरती मराठी शिकवत असे. ते धडा बाजूला ठेवून मुलीबद्दल बोलत. एकदा मराठीत म्हणाले, "मी स्वतःच परत जायला मागितलं. मला पद नको, मुलगी हवी."

हे रशियनमध्ये का नाही सांगत, विचारले.

"इथल्या भिंतींना रशियन येते. मराठी येत नाही."

मग बजावले — गलिनाला कधी कळू देऊ नका, तिला ओझे होईल. मी शब्द दिला.

परत गेले. राजदूत झाले नाहीत. ग्रंथालयात भाषांतरे करत राहिले.

१४ जून

दिलेला शब्द पाळायचा, हेच माझ्या मुलाला, प्रसन्नला, लहानपणापासून शिकवले. पण त्यांनी एक ओझे चुकवले आणि दुसरे दिले — नको असलेल्या मुलीचे. ती ते अजून वाहते आहे.

१५ जून

शब्द मोडणार.

१६ जून, शनिवार

गलिनाच्या हाती दिले: कोट, सगळ्या बटणांसह. आणि बाबांचे ते वाक्य — पद नको, मुलगी हवी. रशियनमध्ये सांगितले, तिला मराठीतच हवे होते, बाबा म्हणाले तसे. तिचा उच्चार मी दोनदा सुधारला.

भर उन्हात कोट अंगात घालून गाडीत बसली.