दारावर तीन आकडे

३ मार्च, सोमवार

बाझने गाडी घेतली! शेजारी राहून मला आधी सांगितलंही नाही. नवी कोरियन. दोनशे सहा किलोवॅट, वजन चौदाशे ऐंशी किलो. वर सीटा गरम होतात. "थंडीत ढुंगण शेकतं रे लेका," म्हणाला. पन्नास हजार डॉलर मोजून ढुंगण शेकायचं!

माझी जपानी छोटी. ताकद निम्मी, किंमतही जवळपास निम्मी, पण वजन अवघं नऊशे सत्तर. जेवताना बायकोला, ग्लेनिसला समजावलं – बटाटा म्हणजे वजन, वाटाणे म्हणजे किलोवॅट. बाझच्या बटाट्यावर वाटाणे जास्त आले. मग मी त्यावर किमतीची ग्रेव्ही ओतली, तेव्हा कुठे माझा बटाटा जिंकला.

"आता जेव," ग्लेनिस म्हणाली.

८ मार्च, शनिवार

गावच्या मोटार क्लबची डोंगराची शर्यत सहा एप्रिलला. डोंगर म्हणजे पाण्याच्या टाकीपर्यंतचा चढ, पाच वळणांचा. बाकी नजर पोचेल तिथवर गव्हाची सपाट रानं, त्यामुळे आम्हाला तोच डोंगर.

आदल्या दिवशी प्रत्येक गाडी सायलोच्या, म्हणजे गव्हाच्या कोठाराच्या, भुईकाट्यावर चढवायची, आत बसणाऱ्या माणसांसकट. जो आकडा येईल तो चुन्याने दारावर लिहायचा. मग सगळं गाव दारं वाचत फिरतं. आजवर कुणाच्याही दारावर तीन आकडे आलेले नाहीत. सगळे हजाराच्या वर.

यंदा माझ्या दारावर तीन आकडे असणार. बाझला काय शेकायचं ते शेकू दे.

आज सहज वजन करून आलो. ग्लेनिस शेजारी, नेहमीसारखी. ११२०.

१५ मार्च, शनिवार

पायपुसणी काढली. माहितीपुस्तक, ॲशट्रे, ग्लेनिसची पाठीची उशी, काच पुसायचं पाणी – सगळं बाहेर. घरच्या काट्यावर नऊ किलो भरलं! सायलोवर गेलो. ११२०.

काट्यावरची रेलीन खिडकीतून म्हणाली, "क्लाइव्ह, हा गव्हाच्या ट्रकचा काटा आहे. वीस-वीस किलोंनी उडी मारतो. त्याच्या आतलं त्याला दिसतच नाही."

"मग माझे नऊ किलो?"

"त्याच्या लेखी ग्लेनिसची उशी अजून गाडीतच आहे."

फार लागलं मनाला. आठवडाभराची मेहनत.

२२ मार्च, शनिवार

मागची सीट, स्टेपनी, डिकीचं अस्तर, हॉर्न. १०८०! रेलीनला मिठी मारावीशी वाटली.

घरी येऊन पुढचं गणित मांडलं. आता काढण्यासारखं काही उरलेलं नाही. म्हणजे एक गोष्ट उरली आहे.

ग्लेनिस बासष्ट. तिची सीट चौदा. एकूण शहात्तर किलो, किलोवॅट शून्य.

बावीस वर्षं ती शर्यतीत शेजारी बसते. करते काय? सुरुवातीच्या रेषेवर मला एक पेपरमिंट देते आणि विचारते, "पेट्रोल घातलंस?" झालं. वळणं मला पाठ आहेत.

जेवताना सांगून टाकलं. आकड्यांसकट सांगितलं, म्हणजे वाईट वाटायला नको.

"आणि माझी किंमत?" तिने विचारलं.

"ती या गणितात येत नाही," म्हणालो. खरंच येत नाही.

ती उठली, गाडीतून पेपरमिंटची डबी काढून घेऊन आली. चाळीस ग्रॅम. तीही मी मोजली होती.

२३ मार्च, रविवार

सीट काढून व्हरांड्यात ठेवली. ग्लेनिस त्यात बसून चहा पिते. चहा एकच कप करते.

२९ मार्च, शनिवार

एकटा गेलो. १०००.

एक हजार! बायको काढली तरी चार आकडे! रेलीनला म्हटलं, पुन्हा बघ. ती म्हणाली, "क्लाइव्ह, आता काय कातडी सोलणार आहेस?"

३१ मार्च

भोपळ्याचं सूप.

२ एप्रिल

भोपळ्याचं सूप. केस बारीक कापले. ग्लेनिस कुंपणाशी उभी राहून बाझशी बोलत होती. दोघं हसत होते. माझ्या केसांना नसावेत.

५ एप्रिल, शनिवार

वजनाचा दिवस. दाताची कवळी घरी ठेवली, बूट घरी ठेवले. टाकीतलं पेट्रोल, तळाशी घोटभर सोडून, नळीने काढून डब्यात भरलं – काट्यापुरतं. नंतर परत ओतायचं.

९८०!

रेलीनने चुन्याने लिहिलं. तीन आकडे! लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला रडू आलं, आणि कवळी नसल्यामुळे ते फार विचित्र दिसलं म्हणे.

मागून बाझची गाडी काट्यावर आली. चालवत होती ग्लेनिस! एका गाडीवर दोन चालकांची नावं देता येतात, क्लबचा जुना नियम आहे. बाझ शेजारी, पाय पसरून. १६४०.

"ग्लेनिस, शेजारी माणूस शंभर किलोचा घेतलायस," मी ओरडलो.

"गाडीला कळलंही नाही," ग्लेनिस म्हणाली.

खिडकीची काच वर गेली. आत पेपरमिंटची डबी दिसली. घरी येऊन मी व्हरांड्यातल्या सीटकडे बघत बसलो. वाईट वाटत होतं, पण दारावरचे तीन आकडेही दिसत होते.

६ एप्रिल, रविवार

रेषेवर उभा राहिलो. झेंडा पडायच्या आधी क्षणभर थांबलो, कशाची वाट बघत होतो कळेना. मग झेंडा पडला. पहिलं वळण असं घेतलं की काय सांगू! दुसरं त्याहून छान. तिसऱ्यावर गाडी एकदा खोकली आणि बंद पडली.

पेट्रोल. डबा गॅरेजमध्येच राहिला होता.

हॉर्न नव्हता, त्यामुळे हात हलवून मदत मागितली. कुंपणापलीकडून मेंढ्या बघत होत्या. क्लबच्या पोरांनी गाडी कडेला ढकलली. "हलकी आहे हं," एकजण म्हणाला. तेवढं कौतुक झालं.

मग कुंपणाला टेकून बघितलं, ग्लेनिस आली. पाचही वळणं तिला पाठ आहेत. कुठे ब्रेक मारायचा, कुठे मी दर वर्षी उशीर करतो, सगळं. बाझने दोन्ही हातांनी दार धरलं होतं. माझ्यासमोरून जाताना तिने माझ्याकडे बघितलंही नाही. वळणावर बघायचं नसतंच म्हणा.

सर्वांत कमी वेळ तिचा. कप फ्रिजवर ठेवलाय. मी जेवलो नाही, भुकेचा काही संबंध नव्हता.

१२ एप्रिल, शनिवार

सीट परत बसवली. उशीही. तिला सांगायला गेलो, तर ती येऊन स्टिअरिंगवर बसली. मी दाराबाहेर उभा.

"वजन किती तुझं?"

"अठ्ठ्याऐंशी."

"किलोवॅट?"

"शून्य."

"पेट्रोल घातलंस?"

"घातलं."

तिने पेपरमिंटची डबी पुढे केली. "मग बस."